«तो काही करत नाही, फक्त मागे येतो»

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुली आणि त्यांच्या आया ज्या वाक्याने बोलायला सुरुवात करतात, ते बहुतेक वेळा हेच असते: «तो काही करत नाही हो मॅडम, फक्त मागे येतो.» या वाक्यात एक अडलेला प्रश्न असतो. त्याने हात लावलेला नाही, धमकी दिलेली नाही, अचकटविचकट बोललेला नाही. मग पोलिसांना सांगायचे तरी काय, आणि सांगितले तर ते हसणार नाहीत का? या प्रश्नाचे उत्तर पाठलागाच्या एका प्रकरणाच्या आधारे देते. नाव बदलले आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

मेघना पंचविशीतली, खासगी कार्यालयात नोकरी करणारी. ओळखीतल्या एका तरुणाने तिला लग्नाबद्दल विचारले होते आणि तिने «सध्या माझा तसा विचार नाही, घरचेही तयार होणार नाहीत» असे सांगून विषय संपवला होता. तिच्या बाजूने तो संपला होता. त्यानंतर तो सकाळी बसथांब्यावर आणि संध्याकाळी कार्यालयाच्या फाटकाबाहेर दिसू लागला, एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून संदेश येऊ लागले. त्या संदेशांत शिवी नव्हती. «आज उशीर झाला का?», «निळा ड्रेस छान दिसतो» एवढेच असायचे, आणि नेमक्या याच साधेपणामुळे आपण उगीच बाऊ करतो आहोत असे तिला वाटत होते. आईचे म्हणणे होते की मुलगा चांगल्या घरातला आहे, दुर्लक्ष केले की आपोआप थंड होईल.

मी त्या दोघींना प्रथम कायद्यातील व्याख्या समजावून सांगितली. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर कायद्यात बदल सुचवण्यासाठी न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आले, त्यामुळे पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर तोच गुन्हा कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने नाराजी स्पष्टपणे दर्शवल्यानंतरही जो पुरुष तिच्याशी वैयक्तिक जवळीक वाढवण्यासाठी तिच्या मागे जाऊन वारंवार संपर्क साधतो किंवा तसा प्रयत्न करतो, तो हा गुन्हा करतो. या व्याख्येत स्पर्श, धमकी किंवा अश्लीलता यांची अट कोठेही नाही. «वारंवार» म्हणजे किती वेळा, याचा आकडा कायद्याने दिलेला नाही. एखाद्या वेळी योगायोगाने वाट एक झाली तर तो गुन्हा ठरत नाही, पण रोजचा बसथांबा, फाटक आणि बदलत जाणारे नंबर यांना योगायोग म्हणता येत नाही.

खरी अडचण «स्पष्टपणे» या अटीत असते आणि बहुतेक मुली येथेच अडकतात. मेघनाचा नकार सौम्य होता, घरच्यांच्या आड लपलेला होता. समोरचा चिडू नये म्हणून आपल्या मुली असेच बोलतात, आणि त्यांना तसे बोलायला आपणच शिकवलेले असते. नंबर ब्लॉक करणे हीदेखील नाराजी दर्शवण्याचीच कृती आहे, असा माझा युक्तिवाद असतो. तरीही पुराव्याच्या दृष्टीने एक निःसंदिग्ध वाक्य लेखी असणे फार उपयोगी पडते. म्हणून तिने एकच संदेश पाठवला: «मला तुमच्याशी कोणताही संबंध ठेवायचा नाही, यापुढे मला भेटू नका आणि संपर्क करू नका.» त्यात कारण नव्हते, माफी नव्हती, आणि त्यानंतर आलेल्या कशालाही तिने उत्तर दिले नाही. मात्र हा सल्ला मी सर्वांना देत नाही. त्या माणसाने पूर्वी मारहाण केली असेल, ॲसिडची किंवा आत्महत्येची भाषा केली असेल, तर संदेश पाठवत बसू नये. आधी पोलिसांकडे जावे, आणि तातडीच्या वेळी ११२ वर फोन करावा.

बोलण्याच्या ओघात आणखी एक गोष्ट बाहेर आली. ओळख चांगली असताना नोकरीचा अर्ज भरण्यासाठी तिने त्याचा लॅपटॉप वापरला होता आणि तिचा ईमेल त्यावर तसाच उघडा राहिला होता. तिच्या मुलाखतीच्या वेळा त्याला कळत होत्या त्या यामुळेच. स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवणे हा कलम ७८ चाच दुसरा भाग आहे आणि त्यात आधी नकार दिलेला असण्याची अट लिहिलेली नाही. ईमेल कोणकोणत्या उपकरणांवर उघडा आहे, या यादीचे स्क्रीनशॉट आम्ही आधी घेतले आणि मगच पासवर्ड बदलला. तिने रागाच्या भरात जुने संदेश पुसून टाकले होते, ते गेलेच. संदेश नको असले तरी पुसू नयेत आणि ते आलेला मूळ फोन विकू नये, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, पुरावा ज्या उपकरणातून घेतला त्याची माहिती देणारे प्रमाणपत्र लागते.

कायद्याला अपवादही आहेत. गुन्हा रोखण्याची किंवा त्याचा तपास करण्याची जबाबदारी शासनाने सोपवलेली असणे, एखाद्या कायद्यानुसार कृती केलेली असणे, किंवा त्या परिस्थितीत ते वागणे वाजवी असणे, हे त्या पुरुषाने सिद्ध करायचे असते. «माझे तिच्यावर खरे प्रेम आहे» हा अपवाद नाही. पती किंवा पूर्वीचा पती यांनाही कलमात सूट दिलेली नाही. शिवाय पतीविरुद्ध कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संपर्कबंदीचा आदेश मागता येतो. मुलगी अठरा वर्षांखालील असेल आणि हेतू लैंगिक असेल तर पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा लागू होतो. पुरुषाचा पाठलाग होत असेल तर मात्र कलम ७८ उपयोगी पडत नाही. धमकीसारखी इतर कलमे पाहावी लागतात.

पोलीस ठाण्यात मेघना आणि तिच्या आईला पहिल्यांदा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, करून जाण्यास सुचवण्यात आले. हे अनेकींच्या वाट्याला येते. पण पाठलाग हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे त्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय करू शकतात, त्यामुळे एफआयआरच नोंदवली गेली पाहिजे. ही माहिती महिला पोलीस अधिकारी किंवा अन्य महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते आणि हद्दीचे कारण देऊन परत पाठवता येत नाही. नोंद नाकारली गेली तर तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि त्यानेही काम झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. आम्ही तारीख, वेळ, ठिकाण आणि पाहणारे कोण, अशी नोंदींची वही सोबत नेली होती. ती पाहिल्यावर एफआयआर झाली.

आईची पुढची भीती रास्त होती: तो सुटून आला तर? पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा असली तरी हा टप्पा जामीनपात्र आहे, म्हणजे तो बाहेर येणार हे गृहीत धरूनच तयारी करावी लागते. पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आणि अजामीनपात्रता दुसऱ्या दोषसिद्धीपासून लागू होते, दुसऱ्या तक्रारीपासून नव्हे, हा फरक मी मुद्दाम समजावते. त्यामुळे मेघनाच्या कार्यालयातील सुरक्षारक्षकाला त्याचा फोटो दिला, येण्याजाण्याच्या वेळा बदलल्या, आणि शांतता राखण्याचे बंधपत्र त्याच्याकडून घ्यावे, म्हणजे ज्याला चॅप्टर केस म्हणतात ती करावी, असा अर्जही पोलिसांकडे दिला.

काही आठवड्यांनी मुलाचे काका त्याने लिहिलेला माफीनामा घेऊन मेघनाच्या घरी आले आणि प्रकरण मिटवा म्हणाले. हा गुन्हा कायद्याने आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, आणि ठाण्यात किंवा बैठकीच्या खोलीत लिहिलेल्या माफीनाम्याने दाखल झालेला गुन्हा संपत नाही, हे मी त्यांना सांगितले. तडजोडीने गुन्हा रद्द करून घ्यायचा असेल तर उच्च न्यायालयात जावे लागते आणि तेथे मेघनाची संमती महत्त्वाची ठरते. मेघनाने माफीनाम्याची प्रत ठेवून घेतली, संमती दिली नाही, आणि ती प्रत तपास अधिकाऱ्याकडे जमा केली, कारण आपण तिच्या मागे जात होतो हे त्यात त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते.