गिरणी बंद पडली, तीही प्रगतीच का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. इंदूरच्या एका गिरणीत साचेखात्यात मी १४ वर्षे दोन साचे (कापड विणायचे माग) चालवले. गिरणी बंद पडली, मग क्लॉथ मार्केटात एका पेढीवर वह्या लिहिल्या. मुलगा अमेरिकेत पिट्सबर्गला असतो. तो म्हणतो, प्रगत देशांत कारखान्यांतली माणसे कमी होतात आणि सेवा वाढतात, हे प्रगतीचेच लक्षण. मग आमची गिरणी गेली तीही प्रगतीच का? सगळेच सेवेत शिरले तर वस्तू बनवणार कोण? मुलीचा मुलगा बारावी झालाय. त्याला आयटीआयला घालावे की बीबीएला?
— एक वाचक, नंदानगर, इंदूर

उत्तर : काका, मुलाच्याच गावापासून सुरू करते. पिट्सबर्ग म्हणजे पोलादाचे गाव. तिथल्या पोलाद कंपनीने १९७० च्या सुमारास ६४ मजली इमारत बांधली. कंपनी अजून तिथे आहे, पण इमारतीच्या माथ्यावर आता अक्षरे झळकतात ती एका रुग्णालय-समूहाची. मुलाकडून फोटो मागवा.

वस्तू बनवायला माणसे राहतात, पण थोडी. अमेरिकेत कारखान्यांतल्या नोकऱ्या १९७९ मध्ये सर्वांत जास्त होत्या, सुमारे १.९५ कोटी. आज त्या १.३ कोटींच्या आत आहेत आणि माल मात्र तेव्हापेक्षा जास्त निघतो. कसा, ते साचेवाल्याला मी काय सांगणार! तुम्ही दोन साचे सांभाळायचात. बिनधोट्याचे दहा-वीस साचे आज एक माणूस बघतो.

आता रामबागेतले आमचे सलून घ्या. माझ्या वडिलांच्या डोक्याला वीस मिनिटे लागायची, भाच्यालाही वीसच लागतात. (भाच्याच्या डोक्यावर केस कमी आहेत, तरी!) पण कारागिराची कमाई इतरांबरोबर वाढली नाही, तर तो कात्री ठेवून दुसरे काम धरेल. म्हणून कापडाच्या मानाने हजामत महाग होत जाते. विल्यम बॉमोल या अर्थतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात हे नाटक-संगीताच्या खर्चावरून दाखवले. शाळा, दवाखाना, म्हाताऱ्यांची सेवा, सगळीकडे तेच. त्यात हातात पैसा आला म्हणून माणूस शर्ट किती घेणार? सहा, आठ. मग पैसा जातो डॉक्टरकडे, कोचिंग क्लासला, रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत.

थोडी गंमत हिशेबाचीही आहे. तुमच्या वेळी गेटवरचा पहारेकरी, झाडूवाला, कँटीनवाला, सगळे गिरणीच्या मस्टरवर असत, म्हणजे नोंदीत कारखान्याची माणसे. आज तोच पहारा एजन्सीचा माणूस देतो आणि सेवाक्षेत्रात मोजला जातो. खुर्ची तीच, गेट तेच.

तिकडेही हे सुखासुखी झालेले नाही, हे मुलाला जरूर सांगा. २००० ते २०१० या दहा वर्षांत अमेरिकेत कारखान्यांतल्या पन्नास लाखांहून जास्त नोकऱ्या गेल्या. यंत्रे होतीच, वर चीन २००१ च्या डिसेंबरात जागतिक व्यापार संघटनेत आला, पुढे मंदी. भट्टीवरचा माणूस काही दुसऱ्या दिवशी नर्स होत नाही.

आता तुमची गिरणी. तिला प्रगती म्हणायला माझी जीभ वळत नाही. तिकडे आधी मजुरी चढली, शेतातली बहुतेक माणसे कारखान्यांत येऊन गेली, मग कारखाने ओसरले. आपल्याकडे अजून चाळीस टक्क्यांहून जास्त लोक शेतीवर आहेत आणि तेवढ्यात गिरण्या आटोपल्या. यंत्रे जुनी, कापड निघून गेले बऱ्हाणपूर-भिवंडीच्या पॉवरलूमकडे, कमी मजुरीत. अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक अशा प्रकाराला कारखान्यांची अकाली, म्हणजे वेळेआधीची, ओहोटी म्हणतात. आपल्या इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर आयटीच्या इमारती उभ्या राहिल्या खऱ्या, पण साचेखात्यातला कोणी तिथल्या लिफ्टमध्ये चढला का? चढला असेल तर पहाऱ्याला.

नातवाला हातात पाना धरायची हौस असेल तर खुशाल आयटीआयला घाला. सोबत संगणकावर चालणारी यंत्रे शिकू द्या. जवळच्या पिथमपूरच्या कारखान्यांत यंत्र दुरुस्त करणारा मुलगा कारखान्याचा की सेवेचा, हे त्याच्या नेमणूकपत्रावर कोणाचे नाव आहे त्यावर ठरते. पगार आणि पीएफही बऱ्याचदा त्यावरच. तेव्हा सही करण्याआधी ते पत्र तुम्ही स्वतः वाचा. पेढीवरच्या वह्या वाचलेला माणूस घरात आहे.