आईच्या कुंकवाला हात लावू नका

पत्र :

ताई, माझे वडील १९७१ च्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवरून परत आले नाहीत. मी तेव्हा अकरा महिन्यांची होते, दादा तीन वर्षांचा. आधी ‘बेपत्ता’ अशी तार आली. काही वर्षांनी ‘मृत समजण्यात येत आहे’ असं पत्र आलं आणि आईला पेन्शन सुरू झाली. आई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. अजून कुंकू लावते, मंगळसूत्र घालते. दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला जाते. फॉर्मवर बाबांच्या नावाआधी ‘कै.’ असतं, त्या अक्षरावर डाव्या हाताचं बोट ठेवते आणि मगच सही करते. भारत-पाकिस्तानात कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण होते त्या दोन दिवशी, १ जानेवारी आणि १ जुलैला, टीव्हीसमोरून उठत नाही.

आता दादाला बाबांच्या नावावरची जमीन वारसांच्या नावे करायची आहे. शिवाय त्याला कुणीतरी पितृदोष सांगितलाय, म्हणून पालाशविधी, म्हणजे देह नसताना करतात तो अंत्यविधी, करून श्राद्ध सुरू करायचं म्हणतो. हे ऐकल्यापासून दोन दिवस आई जेवली नाही. दादा म्हणतो, तू समजाव, तुझं ऐकेल. ताई, मला स्वतःला वाटतं की बाबा नाहीत. पण हे आईला मी कोणत्या तोंडाने सांगू?
— एक मुलगी

उत्तर :

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या बोटापाशी थांबले. पेन्शन घ्यायची, कारण त्यावर दोन लेकरं वाढवायची होती. पण ‘कै.’ मान्य करायचं नाही. सरकारशी भांडली नाही, फॉर्म फाडला नाही, फक्त बोट ठेवलं. एवढं नेमकं वागणाऱ्या बाईला काही कळत नाही, असं कोण म्हणेल? तिला सगळं कळतं. म्हणून पहिलं सांगते : ‘समजावण्याचं’ काम तुम्ही अंगावर घेऊ नका.

आणि तिची आशा हवेतून आलेली नाही. युद्ध संपल्यावर सहाशेहून जास्त भारतीय युद्धकैदी १ डिसेंबर १९७२ रोजी परत आले. काहीजण आले नाहीत. मेजर अशोक सुरी यांच्या वडिलांना युद्धानंतर तीन वर्षांनी, १९७४ च्या डिसेंबरात, मुलाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी मिळाली. पुढच्या वर्षी आणखी एक, कराचीहून. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं विमान ५ डिसेंबर १९७१ ला पडलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. त्यांनी उभं आयुष्य नवऱ्याचा माग काढण्यात घातलं. आपल्या सरकारने संसदेत ज्यांना पाकिस्तानच्या ताब्यातले युद्धकैदी मानलं, ते ५४ जण. पाकिस्तान म्हणतो, आमच्याकडे कुणी नाही. २००७ च्या जूनमध्ये १४ नातेवाईक तिकडचे तुरुंग पाहून आले, हाती काही लागलं नाही. युद्धकैद्यांबद्दलचा जिनिव्हा करार सांगतो की पकडलेल्या सैनिकाला छावणीत पोचल्यापासून आठवड्याभरात घरी कार्ड पाठवता आलं पाहिजे आणि लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडलं पाहिजे. १९४९ चा हा करार दोन्ही देशांनी मान्य केलेला आहे. तो पाळला गेला असता, तर तुमच्या आईला उत्तर १९७२ मध्येच मिळालं असतं, एक तर माणूस किंवा निदान बातमी. तिचं वाट पाहणं लांबलं, हा तिचा हट्ट नाही. उत्तर द्यायची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी ते दिलं नाही, याचा मला आजही राग येतो.

पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी सत्तरच्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांबरोबर काम केलं. माणूस गेला म्हणावं तर देह नाही, आहे म्हणावं तर तो समोर नाही, अशा दुःखाला त्यांनी वेगळं नाव दिलं. आपण त्याला ‘अनिश्चित वियोग’ म्हणू. त्यांचं एक म्हणणं मला फार पटतं : अशा घरात सगळ्यांचं एकमत व्हायलाच हवं असा धोशा लावला की घर फुटतं. आई ‘आहेत’ म्हणते, तुम्ही ‘नाहीत’ म्हणता, दादाला एकदाचं मोकळं व्हायचंय. तिघं एका ताटात जेवू शकता. तुमच्या मनाने जे स्वीकारलं त्यात बाबांशी बेइमानी नाही. ज्या बापाचा चेहरा आठवतही नाही त्याच्यासाठी रडायलासुद्धा तुम्हाला आईची परवानगी लागली असणार, कारण तुम्ही रडलात की ‘ते गेले’ असं ठरणार. तुम्ही रडा. आईसमोर नको, पण रडा.

खोटा धीर मात्र देणार नाही. बाबा आज ऐंशीच्या पुढे असते. ते जिवंत असण्याची शक्यता फार थोडी आहे. तरी ‘अशक्य’ हा शब्द मी लिहीत नाही. हंगेरीचा आंद्राश तोमा हा दुसऱ्या महायुद्धातला कैदी रशियातल्या मनोरुग्णालयातून २००० साली मायदेशी आला, पन्नासहून जास्त वर्षांनी. तो बोलायचा ती हंगेरियन तिथे कुणाला कळत नव्हती, सगळ्यांना ती वेड्याची बडबड वाटायची. अशी एखादीच गोष्ट घडते, पण ती घडलेली आहे, आणि अशा एका गोष्टीवर एक बाई पन्नास वर्षं काढू शकते.

आता जमीन. दादा इथे चुकत नाही, आणि त्याच्यावर रागावू नका. तीन वर्षांचा असल्यापासून तो ‘घरातला कर्ता पुरुष’ आहे. कुठेतरी ते ओझं त्याला खाली ठेवायचं असेल. पण कागद वेगळा आणि माणूस वेगळा, एवढं त्याच्या गळी उतरवा. ज्याच्याबद्दल सात वर्षं काही कळलं नाही, ज्यांना कळायला हवं होतं त्यांनाही नाही, त्याला कायदा मृत ‘धरतो’. तो मेला, कधी मेला, कुठे मेला हे कायदा सांगत नाही. पेन्शनच्या वेळी निघालेला आदेश सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्जाला मदत करतं. तो कागद घेऊन दिवाणी वकिलाकडे जा. कदाचित वारस नोंदीला त्यावरच भागेल, नाही भागलं तर कोर्टातून तसं जाहीर करून घ्यावं लागेल. आणि वारस तिघं आहात, आई, दादा आणि तुम्ही, तिघांचा हिस्सा सारखा. कोर्टाची नोटीस आईच्या हातात अचानक पडू देऊ नका. तिच्याशी आधी बोला, आणि अगदी खरं बोला : ‘आई, सरकारी कागदाला माणूस हरवलेला चालत नाही, म्हणून तो मेलेला धरतात. पेन्शनच्या वेळी धरला तसाच. तू बोट ठेवलंस, आताही ठेव.’ तिला हे कळेल. ही युक्ती तिचीच आहे.

पालाशविधीबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. पितृदोषाची भीती घालून कुणी पैसे काढत असेल, तर त्याला दारात उभं करू नका. पोरांच्या अडचणी बापाच्या शापाने येतात, हे देशासाठी गेलेल्या माणसाबद्दल बोलवतं तरी कसं? पण दादाला मनापासून काही करायचं असेल, तर त्याला एक गोष्ट सांगा. आपल्या जुन्या धर्मग्रंथांत बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं थांबून पळसाच्या पानांच्या प्रतिकृतीला अग्नी द्यायला सांगितलंय, आणि तो माणूस नंतर परत आला तर काय करायचं तेही तिथेच सांगितलंय. त्याचे जातकर्मापासूनचे संस्कार नव्याने करायचे, जणू तो पुन्हा जन्मला. म्हणजे अग्नी देणाऱ्यांनीही दार पुरतं लावून घेतलं नव्हतं. आई हयात असेपर्यंत हा विधी घरात होऊ नये, असं माझं ठाम मत आहे. दादाला राहवत नसेल तर तो नदीवर जाऊन बाबांच्या नावाने ओंजळभर पाणी सोडू दे. आईच्या कपाळाशी त्याचा संबंध जोडू नका.

त्या १ जानेवारी-१ जुलैबद्दलही एक माहिती असू द्या. त्या याद्या नागरी कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या असतात, बाबांचं नाव त्यांत येणारच नाही. पण त्याच दिवशी आपलं परराष्ट्र मंत्रालय जे निवेदन काढतं, त्यात बेपत्ता भारतीय सैनिकांना सोडण्याची मागणी असते. पुढच्या वेळी तिच्याशेजारी बसा आणि ते वाक्य तिला वाचून दाखवा. पन्नास वर्षांनंतरही सरकारी कागदावर एक ओळ तिच्या माणसासाठी लिहिली जाते, हे तिने ऐकलेलं बरं.

आणखी एक काम, याला उशीर नको. आईला जे माहीत आहे ते तिच्याबरोबर जाईल. बाबांचा सैन्य क्रमांक, पलटण, शेवटच्या पत्राची तारीख, हातावर गोंदण होतं का, कुठला दात पडलेला होता, कुठे व्रण होता, कोणते साथीदार परत आले आणि काय सांगून गेले. तार आणि पत्रं यांचे मोबाईलवर फोटो काढा, मूळ कागद प्लॅस्टिकमध्ये ठेवा. सायप्रसमध्ये दोन हजारांवर माणसं बेपत्ता होती, बरीचशी १९७४ पासून. त्यातल्या हजाराहून जास्त जणांची ओळख दशकं उलटल्यावर अवशेषांवरून पटली, ती नातेवाइकांनी दिलेल्या रक्ताच्या नमुन्यांच्या आधारे. आपल्याकडे उद्या तसं काही उभं राहिलं, तर तुमच्या घरातल्या वहीचा उपयोग होईल. नाही राहिलं, तरी तुमच्या पोरांना आजोबा कळतील.

हे पत्र दादाला दाखवा, आईला नको. उद्या एक दोनशे पानी वही आणा आणि दुपारची कामं आटोपली की आईजवळ बसा. ‘बाबांबद्दल लिहून ठेवायचंय’ एवढंच म्हणा, पुढचं मागचं काही नको. गोंदणाचं आणि क्रमांकाचं नंतर विचारा. आधी विचारा की रजेवर आले की दारातून ते पहिली हाक कुणाला मारायचे.