नाव सांगतानाच अडकतं, काय करू?

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांचा आहे आणि लहानपणापासून अडखळत बोलतो. माझं नाव प वरून सुरू होतं आणि नेमकं तेच निघत नाही, ओठ मिटतात ते मिटतातच, फोनवर तर समोरचा हॅलो हॅलो करून कट करतो. म्हणून अनोळखी माणसाला मी सरळ मित्राचं नाव सांगून टाकतो, ते सोपं जातं. ऑफिसमध्ये बऱ्याच जणांना पत्ताच नाही कारण अडकणार असं वाटलं की मी शब्दच बदलतो, त्यांना वाटतं हा मितभाषी आहे. आता मला टीम लीड करतायत, म्हणजे दर आठवड्याला सगळ्यांसमोर बोलणं आलं. स्पीच थेरपिस्ट म्हणतात आधी स्वीकार. म्हणजे काय, हार मानायची का? हे पूर्ण बरं होतच नाही का?
– प.

उत्तर : प, आधी ते मित्राचं नाव सांगणं बंद कर बाबा. बाकी सगळं नंतर.

पूर्ण बरं होण्याचं विचारलंस तर खरं सांगते. मोठेपणापर्यंत टिकलेलं अडखळणं मुळापासून घालवेल अशी गोळी नाही, आणि कुणी पंधरा दिवसांत गॅरंटी देत असेल तर तिकडे फिरकूही नकोस. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकजण अडखळतो, त्यातही पुरुष बायकांच्या चौपट. बोलणं म्हणजे श्वास, स्वरयंत्र, जीभ, ओठ सगळ्यांनी एकाच वेळी टायमिंग सांभाळायचं आणि ते टायमिंग सांभाळणारी मेंदूतली यंत्रणा काही जणांत थोडी वेगळी चालते, बऱ्याचदा घराण्यातच असतं, २०१० साली तर याच्याशी संबंधित तीन जनुकंही सापडली. घाबरटपणामुळे, कुणीतरी रागावल्यामुळे, लहानपणी दचकल्यामुळे वगैरे जे सांगतात त्यात तथ्य नाही. टेन्शनमध्ये वाढतं हे खरं, पण टेन्शनने सुरू होत नाही. त्यामुळे स्वतःला दोष देणं आजपासून बंद.

आता स्वीकाराचं. जोसेफ शीहान नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः अडखळायचे, ते म्हणायचे की हे हिमनगासारखं आहे, लोकांना ऐकू येतं ते वरचं टोक, खाली लाज, भीती, पळवाटा हे सगळं. तुझं बघ ना, वरचं टोक तू इतकं छान लपवलंयस की ऑफिसला दिसतच नाही, पण त्यासाठी प्रत्येक वाक्याच्या आधी पुढचे चार शब्द तपासत बसतोस. मीटिंगमध्ये समोरचा काय बोलला यापेक्षा 'माझा नंबर कधी येणार' यातच निम्मं डोकं जात असणार. हे लपवणं सोडायचं, एवढाच स्वीकाराचा अर्थ. उलट हार तू आत्ता मानतोयस, स्वतःचं नाव सोडून. (रागावू नकोस, पण कुणीतरी बोलायला हवं होतं.)

आणि लपवणं सोडलं म्हणजे मेहनत सोडली असं नाही हं. ओठ मिटले की तू काय करतोस? जोर लावत असणार, सगळेच लावतात, मान ताठ होते, डोळे घट्ट मिटतात, कुणी पाय आपटतं. पण जोराने ओठ आणखी आवळले जातात. चार्ल्स व्हॅन रायपर, हेही स्वतः चांगलेच अडखळायचे आणि पुढे याच विषयातले मोठे अभ्यासक झाले, त्यांनी उलटी पद्धत शिकवली. प वर अडकलास की घाईने सुटायचं नाही, तिथेच क्षणभर थांबायचं, जोर नेमका कुठे लागतोय ते जाणवू द्यायचं, ओठांत की गळ्यात, मग तेवढाच भाग सैल सोडून हळूच आवाज काढत शब्दात शिरायचं. आणि अडकत अडकत शब्द निघूनच गेला तर पुढे पळायचं नाही, जरा थांबून तोच शब्द सावकाश परत म्हणायचा. वाचायला सोपं आहे, जमायला महिने लागतात, थेरपिस्टबरोबरच कर.

तिसरी गोष्ट विचित्र वाटेल पण मला सगळ्यात आवडते. मुद्दाम अडखळ. म्हणजे जो शब्द सहज येतो त्यावरच स्वतःहून, आरामात, दोनतीनदा अडखळायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहायचं. सुरुवातीला अंगावर काटा येतो पण ज्या गोष्टीची आयुष्यभर भीती वाटली ती आपणच केली की तिचा धाक कमी व्हायला लागतो. आधी जवळच्या माणसासमोर कर, मग अनोळखी माणसासमोर.

मीटिंगसाठी आरशासमोर प्रॅक्टिस करत बसू नकोस. एकटं असताना बहुतेक जण फारसे अडखळतच नाहीत, गाताना नाहीत, चारचौघांबरोबर एकसुरात वाचताना नाहीत, त्यामुळे आरशासमोर सगळं मस्त होतं आणि मीटिंगमध्ये त्याचा उपयोग शून्य. दोन माणसं समोर बसव आणि बोल. पहिल्याच मीटिंगला आधी सांगून टाक : 'मी बोलताना अडखळतो, एखाद्या शब्दाला वेळ लागेल, वाक्य मी पूर्ण करीन.' एवढंच. सॉरी म्हणायचं नाही, रडकथा नाही. मग शब्द अडकला तरी लोकांना कळतं काय चाललंय, फोनवर तर हे आणखीच कामाचं कारण तिथे तुझा चेहरा दिसत नाही, समोरच्याला लाईन गेली असं वाटतं. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज, त्यांचा देश दुसऱ्या महायुद्धात उतरला त्या दिवशी, ३ सप्टेंबर १९३९ ला, रेडिओवर बोलले ते थांबत थांबतच, त्यांचे स्पीच थेरपिस्ट लायोनेल लोग खोलीत सोबत होते. अडखळणं त्यांचंही पूर्ण गेलं नव्हतं, पण भाषणं त्यांनी केली.

वाईट आठवडे येतील, महिनाभर बरं जाऊन अचानक सगळं परत आल्यासारखं होईल. हे असंच वरखाली चालतं, त्यावरून प्रगती मोजू नकोस. मोजायचंच तर हे मोज की आज किती वेळा शब्द बदलला नाहीस.

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा, पाचसहा महिन्यांपासून 'म म म मला' असं करतोय. घरात सगळे त्याला हळू बोल, नीट बोल सांगतात. दुर्लक्ष करू का?
– एक आई

उत्तर : तुम्ही घाबरू नका, दोन ते पाच या वयात हे बऱ्याच मुलांत सुरू होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. पण कुणाचं जाईल कुणाचं राहील हे घरबसल्या ओळखता येत नाही, म्हणून सहा महिने होत आलेत तर एकदा स्पीच थेरपिस्टला दाखवाच. घरात कुणी मोठं माणूस अडखळत असेल किंवा मुलगा शब्दाशी झटापट करत असेल, बोलणं टाळत असेल तर अजिबात थांबू नका.

'हळू बोल' मात्र बंद करायला सांगा सगळ्यांना. त्याला हळू बोलायला सांगण्यापेक्षा तुम्हीच जरा सावकाश बोला, त्याचं झालं की क्षणभर थांबून उत्तर द्या. दिवसातून पाचदहा मिनिटं फोन बाजूला ठेवून फक्त त्याच्याशी. आणि त्याने स्वतःच 'शब्द अडकला' म्हटलं तर विषय बदलू नका, 'हो अडकला, होतं असं' म्हणा, म्हणजे ती लपवायची गोष्ट आहे असं त्याला वाटणार नाही.

प्रश्न : शेजारच्या टेबलवरचा सहकारी अडखळतो. त्याचं वाक्य मी पूर्ण केलं तर चालेल ना? मदत म्हणूनच करते.
– एक वाचक

उत्तर : नको. अर्ध्या वेळा तुमचा शब्द चुकतो आणि मग बिचाऱ्याला आधी तुम्हाला नाही म्हणायचं आणि मग स्वतःचा शब्द काढायचा, डबल काम. त्याच्याकडे नेहमीसारखं बघा, घड्याळाकडे नको, आणि ऐका. त्याला काही वेगळं हवं असेल तर एकदा एकट्यात विचारून घ्या, काहींना मदत चालते.