गेटिसबर्गचं भाषण छोटं म्हणून थोर नाही

अमेरिकेच्या यादवी युद्धात अध्यक्ष लिंकनने गेटिसबर्गच्या रणभूमीवर, सैनिकांच्या दफनभूमीच्या समारंभात केलेलं भाषण खरंच थोर, की उगाच डोक्यावर घेतलंय, असं तुम्ही विचारलंय. थोरच आहे. लोक देतात ते कारण मात्र फालतू आहे: म्हणे दोन मिनिटांत आटोपलं!

आमच्या तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझी आठवीतली एक मुलगी यावर बोलली. झकास बोलली. निकालाच्या वेळी परीक्षकांनी माईक हातात घेऊन सगळ्यांदेखत सुनावलं, "हे भाषण आगगाडीत पाकिटाच्या पाठीवर खरडलं होतं, एवढंही बाईंनी सांगितलं नाही?" गुण कापले. मी तिथेच भांडले. अहो, ती दंतकथा आहे! आमंत्रणाचं पत्र 2 नोव्हेंबरचं, भाषण 19 नोव्हेंबर 1863चं. सेक्रेटरी निकोलेकडच्या प्रतीचं पहिलं पान अध्यक्षांच्या छापील कागदावर, शाईने लिहिलेलं, दुसरं पेन्सिलीने. साहेब म्हणतात, "बाई, मुलांना गोष्ट लागते." मग एव्हरेटची सांगा की! मुख्य वक्ता तो, दोन तास बोलला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने लिंकनला लिहिलं की तुम्ही दोन मिनिटांत विषयाच्या गाभ्याजवळ पोचलात, तितका मी दोन तासांत पोचलो असतो तर धन्य झालो असतो.

करामत पहिल्याच वाक्यात आहे. 87 वर्षांपूर्वी, म्हणजे 1776. राज्यघटना 1787ची, आणि तिने गुलामगिरी खपवून घेतलेली. लिंकनने देशाचं वय घटनेपासून मोजलंच नाही, 'सगळी माणसं समान' म्हणणाऱ्या 1776च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून मोजलं. तेही गेटिसबर्गच्या जुलैतल्या लढाईतली प्रेतं उकरून नव्या दफनभूमीत हलवायचं काम चालू असताना. विरोधकांच्या 'शिकागो टाइम्स'ला हे बरोबर झोंबलं: सैनिक घटनेसाठी मेले, समानतेसाठी नव्हे, म्हणून त्याने आदळआपट केली.

आज त्याचं काय, म्हणाल तर दहा वर्षांनी, 1873 साली, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना ते आपलं वाटलं. आपल्याकडे कोण समान नि कोण नाही हा वाद मिटलाय, असं मला तरी शाळेच्या हजेरीपटावरून दिसत नाही.

हां, पूजा करू नका. भाषणात 'गुलामगिरी' हा शब्दच नाही. आणि 1862च्या डिसेंबरात 38 डकोटा आदिवासींना फाशी झाली, ती याच लिंकनच्या मंजुरीने.

स्पर्धेसाठी विचारत असाल तर 1776 आणि शिकागोचं वर्तमानपत्र घ्या. परीक्षक कोण आहेत, तेवढं आधी विचारून ठेवा.