८ किलोचे स्प्रिंग मागवायच्या आधी बंप स्टॉप बघा

मालक, तुमची पोस्ट दोनदा वाचली. जुळे सोलापूरची पोलो कार, कॉइलओव्हर किट (शॉकअपवरच चढवलेला, उंची बदलता येणारा स्प्रिंग), पुढे ६ किलोचे स्प्रिंग, चेन्नईच्या ट्रॅकवर लांब वळणात गाडीचं नाक टप्पे खात बाहेर सरकतंय. आणि किट बसवणारे म्हणतायत, "क्लिक अजून टाइट करा, नाहीतर ८ किलोचे स्प्रिंग घ्या." (क्लिक म्हणजे शॉकअपचा कडकपणा बदलणाऱ्या नॉबचे खटके.) मलाही शब्दाला शब्द हेच ऐकवलं होतं, म्हणून एवढं लांब लिहितोय. स्प्रिंगची ऑर्डर तेवढी थांबवा.

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही. धंदा टॉवेलचा. पण या एका दुखण्यावर माझा बराच पैसा गेलाय.

तुमच्या फोटोत टायर आणि फेंडरमध्ये बोटसुद्धा जात नाही. दिसायला झकास, पण माझ्या मते रोग तिथंच आहे. हिशोब करून बघा. पोलोच्या पुढच्या एका कोपऱ्यावर, चाक-ब्रेक वगळून, ढोबळ ३०० किलो धरा. ६ किलोचा स्प्रिंग म्हणजे १ मिमी दाबायला ६ किलो, म्हणजे गाडी जमिनीवर टेकली की स्प्रिंग ५० मिमी बसणार. शॉकअपच्या दांड्याची चाल ११० मिमी असेल तर वर जायला उरले ६०. त्यातला बंप स्टॉपच (शॉकअप तळाला आदळू नये म्हणून दांड्यावर बसवलेला रबराचा ठोकळा) ४० मिमी उंच. म्हणजे स्टॉपला टेकायच्या आधी मोकळी जागा फक्त २० मिमी. आता "अजून खाली पाहिजे" म्हणून स्प्रिंगखालची रिंग ३० मिमी उतरवली की गाडी उभ्या उभ्याच बंप स्टॉपवर बसली! मग वळणात वजन बाहेरच्या चाकावर आलं की स्प्रिंगच्या जोडीला रबरही भार घ्यायला लागतं. तिथं कडकपणा एकदम कित्येक पट वाढतो. टायर पकड सोडतो, परत धरतो, परत सोडतो. तुमचे टप्पे ते हेच असणार. आकडे तुमच्या किटचे वेगळे असतील, पण हिशोबाची रीत हीच.

क्लिक टाइट केल्यावर तर हे वाढतंच. एकच नॉब असलेल्या शॉकअपमध्ये तो नॉब मुख्यतः रिबाउंड बदलतो, म्हणजे दबलेला स्प्रिंग किती वेगानं परत उघडेल ते. रिबाउंड फार आवळला की लागोपाठच्या खड्ड्यांत चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही, आणि गाडी दर खड्ड्याला थोडी थोडी खाली बसत जाते. म्हणजे अजून लवकर बंप स्टॉपवर.

आता माझी कथा, कारण तुमचं दुकान त्याच वळणाचं वाटतंय. नाव लिहिणार नाही, गाव पण नाही, मोठं शहर एवढंच. त्यांनी माझी गाडी अशीच खाली बसवली, बंप स्टॉपवर आदळायला लागली, तर पठ्ठ्यांनी मला न विचारता बंप स्टॉपच अर्धे कापून टाकले. "आता ट्रॅव्हल वाढला सर." अरे बाबा, तो स्टॉप असतो कशासाठी? शॉकअप आतून तळाला आदळू नये म्हणून! दुसऱ्या ट्रॅक-डेनंतर (ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस) डाव्या शॉकअपमधून तेल गळायला लागलं. परत पाठवला तर उत्तर आलं की रेसिंग वापराला वॉरंटी नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत काय छापलं होतं? ट्रॅक किट. फोनवर एक जण म्हणे पार्ट विभागाशी बोला, पार्ट विभाग म्हणे फिटिंगवाल्यांशी बोला. शेवटी फिटिंगवाले म्हणाले, "सोलापूरचे रस्ते खराब आहेत ना सर." रस्ते खराब आहेतच, त्यात वाद नाही. पण बंप स्टॉप काय रस्त्यानं कापले का? वर लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा दांडा) बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबराचे, बोल्ट त्यांनी गाडी लिफ्टवर लटकत असताना आवळले होते. हे बोल्ट चाकांवर वजन असतानाच शेवटचे आवळायचे असतात, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. माझं फाटलं.

असो. तुम्ही आता हे करा. शॉकअपच्या दांड्यावर बारीक झिप-टाय बांधा, खाली टेकवा आणि गाडी नेहमीच्या रस्त्यावर एकदा फिरवून आणा. झिप-टाय बंप स्टॉपपर्यंत सरकला असेल तर निदान झालं. मग किट कोणतं आहे ते बघा. खालचा ब्रॅकेटसुद्धा आट्यांवर फिरत असेल तर उंची तिथून बदला, स्प्रिंगची रिंग आणि शॉकअपची चाल तशीच राहते. फक्त स्प्रिंगची रिंग फिरत असेल तर गाडी उंच ठेवा, दुसरा मार्ग नाही. आणि रिंग आवळून स्प्रिंग कडक होतो हे कुणी सांगितलं तर नमस्कार करून निघा. सरळ रेटच्या (दर मिमीला सारखाच भार लागणाऱ्या) स्प्रिंगमध्ये त्यानं फक्त उंची आणि चाकाची खाली लटकायची चाल बदलते, ६ किलो ६ किलोच राहतो.

किती उंच? लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर चढलेला दिसला की समजा फार खाली गेलात. पुढच्या स्ट्रटमध्ये गाडी उतरवली की रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त वेगानं खाली जातं, दोघांतलं अंतर वाढतं. म्हणून खाली बसवलेली गाडी वळणात उलट जास्त झुकायला बघते. दिसण्यासाठी उतरवायची असेल तर ती वेगळी हौस, तिला माझी हरकत नाही.

उंची बसल्यावर अलाइनमेंट. पुढे अडीच अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचं वरचं टोक आत झुकलेलं), टो शून्य (चाकं समोर सरळ), इथून सुरुवात करा. मशीनवाला म्हणेल लाल दाखवतंय, हिरव्यात आणतो. आणू देऊ नका. ते हिरवं कंपनीच्या मूळ सेटिंगचं आहे. मागे ट्विस्ट बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा बीम) आहे, फारसं काही फिरत नाही. खरं तर पोलोला मागे कॉइलओव्हर नसतोच, स्प्रिंग वेगळा, शॉकअप वेगळा. एवढं करूनही नाक बाहेर जात असेल तर मागचा स्प्रिंग एक पायरी कडक करा, पुढचा नको. पुढचं चाक ओढणाऱ्या गाडीत पुढे कडकपणा वाढवला की बाहेरच्या पुढच्या टायरवर अजून ओझं येतं. यावर मतभेद आहेत, माझं मत सांगितलं.

चार चाकांचं वेगवेगळं वजन करायचं असेल तर ट्रकच्या वजनकाट्याचा उपयोग नाही, तो बारीक फरक दाखवत नाही. बाजार समितीत कांद्याच्या अडतीवर प्लॅटफॉर्म काटे असतात, तसे चार मिळाले तर बघा, पण ५०० किलोचे हवेत. फरशी पाण्याच्या नळीनं लेव्हल करा, स्टॅबिलायझरच्या (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) लिंक सोडवा आणि ड्रायव्हर आत बसवा. ड्रायव्हरशिवाय केलेल्या वजनाला अर्थ नाही.

हवा गरम टायरमध्येच मोजा. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की साधारण १ पीएसआय वाढते, आणि आपल्याकडची एप्रिलची दुपार तुम्हाला माहीत आहे.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत फेरफार करण्यावरची बंधनं) आणि त्यावरचा २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघता असली गाडी रस्त्यावर फिरवणं जोखमीचं आहे, विमावाले पण हात वर करतील. जमलं तर ट्रॅकपर्यंत ट्रेलरवर न्या.

झिप-टाय कुठे थांबला, दांड्याची एकूण चाल आणि बंप स्टॉपची उंची, हे तीन आकडे इथं टाका, मग स्प्रिंगचं बोलू. बंप स्टॉपचा फोटो पण टाका, कापलेला आहे का बघू. आणि आट्यांना ग्रीस लावू नका, आपली काळ्या मातीची धूळ त्यात बसून रिंग जाम होते. नायलॉनच्या ब्रशनं धुवा आणि सुकं वंगण मारा.