ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला पहिल्यांदा पिना, म्हणजे डिस्नेच्या चित्रांचे छोटे बिल्ले, अदलाबदल करायला जातेयस?

डिस्ने वर्ल्डच्या दुकानात आवडून घेतलेली पिन बदलायला काढू नकोस, नंतर हळहळशील. त्यासाठी जीव न जडलेल्या दहा-बारा साध्या पिना वेगळ्या ठेव.

तिथल्या कर्मचाऱ्यांच्या गळ्यातल्या पट्ट्यावरची पिन बिनधास्त माग. १९९९ पासूनची रीत आहे ही. तुझी पिन मात्र धातूची आणि मागे डिस्नेचा कॉपीराइट शिक्का असलेली हवी. एका वेळी एकच बदलायची. त्यांच्या पट्ट्याला हात लावायचा नाही, नुसतं बोट दाखवायचं. पिनेच्या पुढच्या बाजूला कुठेतरी इवलंसं मिकीचं डोकं दिसलं तर ती ‘हिडन मिकी’. मी तर तिच्यासाठी रांग सोडून धावते!

खोट्या पिनांचा मात्र सुळसुळाट आहे. सुरुवातीला मी ऑनलाइन पन्नास पिनांचं स्वस्त पाकीट मागवलं. निम्म्यांच्या कडा बोटाला खरखरीत, रंगात खळगे, मिनीचा एक डोळा कोराच. त्यामुळे आता पिन हातात आली की आधी कडेवरून नख फिरवते.

आणि हो, मागची रबरी टोपी चालता चालता गळून पडते. लाडक्या पिनांना स्क्रूने आवळायची फिरकी लाव.