न्यायाधीश व्हायचंय? आधी काळा कोट

प्रश्न : मी इंदुरात बीए-एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. न्यायाधीश व्हायचंय. बाबा म्हणतात, कॉलेज संपलं की क्लास लाव. मामा म्हणतो, पुण्याला ये. काय करू?
– विद्यार्थिनी, राजेंद्रनगर

उत्तर : क्लासची घाई नको. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालात दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीसाठी 3 वर्षांची वकिली सक्तीची केली. ही वर्षं तात्पुरत्या सनदेपासून, म्हणजे वकिलीच्या परवान्यापासून मोजतात, वकिलांच्या बार परीक्षेच्या निकालापासून नव्हे. त्यामुळे सनदेचा अर्ज रेंगाळला तर तेवढे महिने तुमचेच गेले. वकिलीचा दाखला किमान 10 वर्षं मुरलेल्या वकिलाचा लागतो, त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायाधीशांचं शिक्कामोर्तबही. तेव्हा वकालतनाम्यावर आपलं नाव घालून घ्या आणि प्रत्येक पेशीचा केस नंबर डायरीत उतरवा.

पाच वर्षांच्या कोर्सला 20 आठवड्यांची इंटर्नशिप लागते, आणि एका दमात 4 आठवड्यांहून जास्त चालत नाही. शेवटच्या वर्षासाठी सगळी साठवू नका. इंदुरात जिल्हा न्यायालय आहे, हायकोर्टाचं खंडपीठही आहे. आधी जिल्हा न्यायालय गाठा. तिथे चेक बाउन्सची एक फाइल मागून घ्या आणि तारखा कागदावर मांडा : बँकेकडून चेक परतल्याचं कळलं तो दिवस, तिथून 30 दिवसांत नोटीस, नोटीस समोरच्याला मिळाल्यापासून 15 दिवस पैसे द्यायला, ते संपल्यावर महिन्याभरात तक्रार. नवशिके हे 15 दिवस नोटीस पाठवल्यापासून मोजतात. मग तक्रार मुदतीआधी दाखल होते आणि कोर्ट तिची दखलच घेऊ शकत नाही. चेकच्या कायद्याची (परक्राम्य लेख अधिनियम) कलमं 138 आणि 142 अशी एकदा हाताने मांडली की पुन्हा पाठ करावी लागत नाहीत.

पुण्याचं म्हणाल, तर तिकडची न्यायाधीशाची परीक्षा एमपीएससी घेते, इथली खुद्द हायकोर्ट. इथे मध्य प्रदेशचा 1961 चा स्थान नियंत्रण कायदा आणि 1959 ची भू-राजस्व संहिता वाचावी लागते. तिकडचे भाडेकरूंचे नि जमिनीचे कायदे वेगळे. दोन्ही डगरींवर पाय ठेवू नका. वकिली जिथे करणार, तिथलीच परीक्षा धरा.

प्रश्न : ताईच्या 2021 च्या नोट्स चालतील का?

उत्तर : करार कायदा, दिवाणी प्रक्रिया संहिता यांच्या बऱ्याचशा चालतील. फौजदारीच्या मात्र जपून. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि कलमांचे आकडेच फिरलेत. जुन्या दंडसंहितेतलं फसवणुकीचं 420 आता नव्या न्याय संहितेत 318(4) झालंय. सगळ्यात फसवं 482. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते हायकोर्टाच्या अंगभूत अधिकारांचं होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याच आकड्याला अटकपूर्व जामीन आहे आणि अंगभूत अधिकार गेलेत 528 ला. पण त्या नोट्स रद्दीतही घालू नका : त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना आजही जुनी दंडसंहिताच लागते, आणि अशा फाइली कोर्टात अजून ढिगाने आहेत.